कठीण दांड्याला मऊ बुश कशासाठी?

काही वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही एक जुने एका सिलिंडरचे डिझेल इंजिन खोलून दाखवत होतो. वरचे झाकण काढल्यावर दोन छोट्या तरफा दिसल्या. त्यांना रॉकर म्हणतात. एक रॉकर दांड्यावरून काढून आम्ही तो सर्वांच्या हातात फिरवला. त्याच्या मधल्या भोकात पिवळसर धातूची एक नळी घट्ट बसवलेली होती. हा बुश. एका शिक्षिकेने नखाने, मग किल्लीच्या टोकाने बुश खरवडून पाहिला आणि विचारले, "दांडा पोलादाचा आहे, किल्लीने त्याला ओरखडाही येत नाही. मग बुश असा मऊ धातूचा का? पोलादाचाच घातला तर दोन्ही झिजणार नाहीत ना?"

प्रश्न अगदी रास्त आहे. 'कठीण वस्तू कमी झिजते' हे आपण वर्गात शिकवतो. मग इंजिन बनवणाऱ्यांनी उलटे का केले? या लेखात आपण याच प्रश्नाचा पाठपुरावा करू. उत्तर शोधताना तरफेचा नियम, द्रवाचा दाब, धातूंची विद्राव्यता आणि आवर्तसारणी अशी क्रमिक पुस्तकातली बरीच प्रकरणे वाटेत भेटतील.

रॉकरचे काम काय?

चार धावांच्या इंजिनात हवा आत घेण्यासाठी आणि जळलेला वायू बाहेर टाकण्यासाठी सिलिंडरच्या माथ्यावर झडपा असतात. कारागीर त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. झडप बंद ठेवायचे काम एक दणकट स्प्रिंग करते. उघडायचे काम कॅमशाफ्टचे. अनेक इंजिनांत कॅमशाफ्ट खाली असतो आणि झडपा वर. कॅमच्या उंचवट्याने पुशरॉड नावाची काठी वर सरकते, ती रॉकरचे एक टोक उचलते आणि रॉकरचे दुसरे टोक झडपेला खाली दाबते. सी-सॉसारखीच ही रचना. म्हणजे रॉकर ही पहिल्या प्रकारची तरफ झाली. टेकू मध्ये, बल एका बाजूला आणि भार दुसऱ्या बाजूला. रॉकर ज्या दांड्यावर हलतो तो दांडा म्हणजे टेकू.

आता थोडे आकडे घेऊ. समजा, झडपेकडची भुजा पुशरॉडकडच्या भुजेच्या दीडपट आहे. झडप पूर्ण उघडली असताना स्प्रिंग ६०० न्यूटन बलाने विरोध करते असे धरू. तरफेच्या नियमाप्रमाणे पुशरॉडला ९०० न्यूटन बल लावावे लागेल. इथपर्यंत मुले बरोबर सांगतात. पण 'टेकूवर किती बल येते?' असे विचारले, की वर्ग गप्प होतो. स्प्रिंग रॉकरचे एक टोक वर ढकलते, पुशरॉड दुसरे टोक वर ढकलतो. रॉकर वर उडून जात नाही, कारण मधला दांडा त्याला खाली धरून ठेवतो. म्हणजे दांड्यावर दोन्ही बलांची बेरीज येते, ६०० आणि ९०० मिळून १५०० न्यूटन. बोटाएवढ्या जाड दांड्यावर दोन धडधाकट माणसांचे वजन!

आणखी एक गोष्ट येथेच लक्षात ठेवू. रॉकर वर ढकलला जातो, त्यामुळे बुशची खालची बाजू दांड्याच्या खालच्या बाजूवर दाबली जाते. इंजिन कितीही तास चालो, भार नेहमी याच बाजूला. जुन्या इंजिनाचा रॉकरचा दांडा काढून पाहिला, तर तो वरून चकचकीत आणि खालून खाच पडलेला दिसतो, त्याचे कारण हेच.

कमी हलतो, म्हणून जास्त त्रास

दांडा १६ मिलिमीटर जाडीचा आणि बुश २५ मिलिमीटर लांबीचा आहे असे समजू. १६ गुणिले २५ म्हणजे ४०० चौरस मिलिमीटर क्षेत्रावर १५०० न्यूटन. दाब आला दर चौरस मिलिमीटरला पावणेचार न्यूटन, वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३७ पट. आकडा मोठा वाटला तरी इंजिनाच्या इतर भागांच्या मानाने तो फारसा नाही. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर याहून कितीतरी जास्त दाब येतो. तरी ती बेअरिंगे लाखभर किलोमीटर सुखाने चालतात. मग रॉकरच्या बुशची अडचण कोणती?

अडचण त्याच्या चालीत आहे. झडप साधारण ९ मिलिमीटर उघडते. रॉकरची भुजा ४० मिलिमीटर धरली तर रॉकर फक्त १३ अंशांतून फिरतो. १६ मिलिमीटर जाडीच्या दांड्याच्या पृष्ठभागावर हे अंतर होते जेमतेम १.८ मिलिमीटर. जाताना १.८, येताना १.८. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर झडप सेकंदाला २५ वेळा उघडते, कारण चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना ती एकदाच उघडते. हिशोब केला तर बुशचा दांड्यावरून घसरण्याचा सरासरी वेग येतो सेकंदाला ९ सेंटीमीटर. त्याच इंजिनात ५० मिलिमीटर जाडीच्या क्रँकशाफ्टचा पृष्ठभाग सेकंदाला ७.८५ मीटर वेगाने सरकत असतो, म्हणजे सुमारे ८७ पट वेगाने!

व्यवहारात आपण म्हणतो की जो जास्त धावतो तो जास्त झिजतो. येथे मात्र जो सावकाश हलतो त्याच्याच नशिबी झीज येते. हे कोडे उलगडण्यासाठी आपल्याला १८८३ सालच्या इंग्लंडमध्ये जावे लागेल.

टॉवर यांचे उडणारे बूच

बोशां टॉवर हे इंग्रज अभियंते. रेल्वेच्या डब्यांच्या आसांमधील घर्षण मोजण्याचे काम तेथील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने त्यांच्याकडे सोपवले होते. त्यांच्या उपकरणात आस खालून तेलात बुडालेला आणि वर अर्धवर्तुळाकार बेअरिंग ठेवून त्यावर वजन दिलेले, अशी रचना होती. वरून तेल घालता यावे म्हणून टॉवर यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच गंमत झाली. भोकातून तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेर येऊ लागले. त्यांनी भोकाला बूच मारले, ते बाहेर ढकलले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तिचीही तीच गत. शेवटी त्यांनी तेथे दाबमापक जोडला. बेअरिंगवरचे वजन क्षेत्रफळाने भागले तर सरासरी दाब दर चौरस इंचाला १०० पौंड येत होता. दाबमापकाचा काटा मात्र २०० च्या पुढे गेला.

याचा अर्थ एवढाच, की बेअरिंग आसावर टेकलेलेच नव्हते. ते तेलाच्या पातळ थरावर तरंगत होते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली याचे गणित मांडले. आस आणि बेअरिंग यांच्यामधली फट सगळीकडे सारखी नसते, ती पाचरीसारखी निमुळती होत जाते. फिरणारा आस चिकट तेलाला आपल्याबरोबर ओढून या निमुळत्या जागेत कोंबतो. तेथे दाब निर्माण होतो आणि तो बेअरिंगला उचलून धरतो. पंपाची गरज नाही, आस स्वतःच पंप बनतो. धातूला धातू लागतच नाही, मग झीज कसली? क्रँकशाफ्टच्या दीर्घायुष्याचे रहस्य हे आहे.

पण या तरंगण्याला एक अट आहे, वेगाची. तेल ओढून आत कोंबायचे तर पृष्ठभाग पुरेशा वेगाने आणि एकाच दिशेने सरकत राहिला पाहिजे. १९०२ साली जर्मनीत रिचर्ड श्ट्रिबेक यांनी वेग बदलत घर्षण मोजले, तेव्हा वेग कमी होत गेला की एका मर्यादेनंतर घर्षण एकदम वाढते असे दिसले. तेलाचा थर इतका पातळ होतो, की दोन्ही धातूंवरचे बारीक उंचवटे एकमेकांना भिडतात.

आता आपल्या रॉकरकडे पाहा. वेग थोडा. त्यातही तो सलग नाही. जाऊन थांबायचे आणि उलटे फिरायचे. प्रत्येक वेळी वेग शून्य होतो, आणि तो शून्य होतो झडप पूर्ण उघडलेली असताना, म्हणजे स्प्रिंग सर्वांत जास्त दाबलेली असताना. इंजिन सावकाश चालत असेल तर हा क्षण फारच वाईट. तेलाची पाचर तयार होण्याआधीच मोडते.

एकच दिलासा आहे. झडप इंजिनाच्या चक्राच्या जेमतेम एक तृतीयांश काळ उघडी असते. उरलेल्या दोन तृतीयांश काळात रॉकर जवळजवळ सैल असतो. या विश्रांतीत दांड्याच्या खालच्या बाजूला ताजे तेल शिरते. पुन्हा भार आला की हे तेल बाहेर पिळले जाऊ लागते, पण चिकट असल्यामुळे त्याला बाहेर पडायला थोडा वेळ लागतो. तोवर झडप बंद व्हायची वेळ होते. म्हणजे रॉकरचा बुश जगतो तो या उसन्या तेलावर. मात्र त्यासाठी तेल वेळेवर तेथे पोचायला हवे.

आमची एक चूक

हे सगळे आम्ही पुस्तकात वाचले होते, पण पटले ते एका फजितीनंतर. आमच्या प्रयोगशाळेत वंगणांच्या चाचणीसाठी एक छोटे डिझेल इंजिन होते. त्याच्या रॉकरचे बुश झिजले म्हणून आम्ही नवे आणले आणि स्वतःच प्रेसवर दाबून बसवले. पोकळ दांड्यातून तेल येते, दांड्याच्या भोकातून ते बुशमध्ये जाते आणि बुशच्या भोकातून पुढे रॉकरच्या टोकांपर्यंत पोचते, अशी तेथील रचना होती. एका रॉकरमध्ये बुश दाबताना तो थोडा फिरला आणि त्याचे भोक रॉकरच्या भोकासमोर आले नाही. आतली तेलाची खाचही वळून चुकीच्या जागी गेली. बाहेरून काहीच कळत नव्हते. रॉकर हाताने छान हलत होता.

पहिला दिवस ठीक गेला. तिसऱ्या दिवशी वरच्या झाकणातून टकटक ऐकू येऊ लागली. आम्हाला वाटले टॅपेटची फट वाढली. फिलर गेज लावून फट नीट केली, आवाज गेला. दुसऱ्या दिवशी तो परत आला. पुन्हा फट नीट केली. असे तीनदा केल्यावर खरे म्हणजे शंका यायला हवी होती. शेवटी रॉकर काढला तेव्हा दांड्याच्या खालच्या बाजूवर ओरखडे उमटले होते, त्यांवर पिवळा धातू चोपडल्यासारखा लागला होता आणि बुश एका बाजूने खाल्ला गेला होता.

फट इतक्या झपाट्याने का वाढत होती? कागदावर आकृती काढून पाहा. पुशरॉडकडचे टोक जागेवर आहे आणि बुश झिजल्यामुळे मधला टेकू ०.१ मिलिमीटर वर सरकला. भुजांचे प्रमाण १ : १.५ असल्याने झडपेकडचे टोक अडीच पट, म्हणजे ०.२५ मिलिमीटर वर जाते. इंजिन बनवणारे जी फट ठेवायला सांगतात ती साधारण एवढीच असते. थोडक्यात, केसाच्या जाडीहून थोडी जास्त झीज झाली की फट दुप्पट होते, आणि झडपही तेवढी कमी उघडते. समरूप त्रिकोणांचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

चूक आमचीच होती. तरीही त्या मऊ बुशने आम्हाला वाचवले. तेल न मिळताही दांडा जाम झाला नाही, पुशरॉड वाकला नाही, झडप पिस्टनवर आपटली नाही. बुश स्वतः झिजला आणि आवाज करून त्याने आम्हाला सावध केले. तेथे पोलादाचा बुश असता तर काय झाले असते?

पोलादाला पोलाद का चालत नाही?

कितीही गुळगुळीत केलेला धातू सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीतच दिसतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की ते फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकतात. ही टोके भाराखाली चेपतात आणि भार पेलण्याइतके क्षेत्र तयार झाले की चेपणे थांबते. हे खरे संपर्कक्षेत्र किती असते? भार भागिले मऊ धातूची कठीणता. बुशच्या कांस्याची कठीणता दर चौरस मिलिमीटरला सुमारे १००० न्यूटन धरली, तर १५०० न्यूटन भाराला दीड चौरस मिलिमीटर पुरते. ज्या बुशवर आपण ४०० चौरस मिलिमीटर क्षेत्र मोजले, तेथे खरा स्पर्श अर्ध्या टक्क्याहूनही कमी जागी होतो!

केंब्रिजमध्ये फिलिप बाउडन आणि डेव्हिड टेबर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या विषयाचा सखोल अभ्यास केला. त्यांनी दाखवले, की या इवल्या ठिकाणी दोन धातू अक्षरशः सांधले जातात, जणू बारीक बारीक डाग दिले जातात. घसरताना हे सांधे तोडावे लागतात. घर्षण म्हणजे मुख्यतः हे सांधे तोडायला लागणारे बल. म्हणून घर्षण दोन गोष्टींवर अवलंबून राहते, सांध्यांचे एकूण क्षेत्र आणि सांधा तोडायला लागणारा जोर.

पोलादावर पोलाद घासले तर लोहाला लोहच भेटते. सांधा पक्का होतो. तो मूळ जागी न तुटता शेजारच्या धातूचा तुकडा उपटून नेतो. उपटलेला तुकडा नवा उंचवटा बनतो, तो आणखी खोल ओरखडतो, उष्णता वाढते आणि शेवटी दोन्ही भाग एकमेकांना चिकटून बसतात. कारागीर याला 'जाम झाले' किंवा 'सीज झाले' म्हणतात. कठीणपणा येथे उपयोगी पडत नाही. नात्यातले धातू एकमेकांना धरून ठेवतात, ही खरी अडचण.

म्हणून लोहाशी सहज एकरूप न होणारा धातू शोधायचा. शिसे हे याचे टोकाचे उदाहरण. वितळलेल्या अवस्थेतही शिसे आणि लोखंड एकमेकांत मिसळत नाहीत. लोखंडी पळीत शिसे वितळवता येते ते त्यामुळेच. तांबेही लोखंडात थोडेच विरघळते.

मग बुश सगळाच शिशाचा का करू नये? पावसाळ्यातली दोन दृश्ये आठवा. चिखल मऊ असतो, पण त्यात पाय रुततो आणि उचलताना दम लागतो. शेवाळलेल्या फरशीवर मात्र पाय सर्रकन घसरतो. शेवाळही मऊच आहे, पण ते कठीण फरशीवर पातळ थराने पसरलेले आहे. फरशी पाय रुतू देत नाही, म्हणून संपर्कक्षेत्र लहान राहते, आणि मऊ शेवाळ सहज तुटते. क्षेत्र कठीण पदार्थाचे आणि ताकद मऊ पदार्थाची, असा दुहेरी फायदा. चांगला बेअरिंगचा धातू म्हणजे धातूची शेवाळलेली फरशी!

कांस्य, कथील आणि कल्हई

बाजारात कोणताही पिवळा बुश 'गनमेटलचा' म्हणून मिळतो. खरे गनमेटल म्हणजे तांबे, कथील आणि थोडे जस्त. रॉकरसाठी बहुधा फॉस्फर ब्राँझ किंवा शिसेयुक्त ब्राँझ वापरतात. ब्राँझ म्हणजे आपले कांसे, तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी आणि देवळातली घंटा याच कुळातल्या. घंटेच्या काशात कथील पाचवा हिस्सा किंवा थोडे जास्त असते. त्यामुळे ती खणखणीत वाजते, पण ठिसूळ असते. बुशच्या कांस्यात कथील साधारण दहा टक्के ठेवतात. मग धातूच्या मऊसर, लवचिक पायात कठीण कण विखुरलेले राहतात. फॉस्फरस घातला तर तांब्याच्या फॉस्फाइडचे आणखी कठीण कण तयार होतात. कण भार पेलतात. सभोवतालचा मऊ धातू किंचित झिजून खोलगट होतो आणि तेथे तेल साठून राहते.

शिसेयुक्त ब्राँझमध्ये ८० भाग तांबे, १० भाग कथील आणि १० भाग शिसे हे प्रमाण पुष्कळ वापरले गेले. शिसे घन तांब्यात विरघळत नाही, म्हणून ते बारीक थेंबांसारखे वेगळे राहते. तेल कमी पडून बुश तापला की शिसे पृष्ठभागावर चोपडले जाते. हेच आपले शेवाळ. असा बुश बनवताना पोलादाच्या पट्टीवर ब्राँझची भुकटी पसरून भट्टीत सांधतात, पट्टी गुंडाळून नळी करतात आणि रॉकरमध्ये दाबून बसवतात. अशा बुशवर एक उभी सांधरेषा दिसते. पाठीला पोलादाची ताकद, पोटाला ब्राँझचा मऊपणा.

मऊपणाचे आणखी दोन फायदे आहेत. दांडा किंचित वाकडा असेल तर बुश त्याच्या आकाराशी जुळवून घेतो. आणि तेलातून धुळीचा किंवा धातूचा कण आलाच, तर तो मऊ बुशमध्ये रुतून बसतो. दोन्ही बाजू कठीण असत्या तर तोच कण करवतीच्या दातासारखा फिरत राहिला असता.

अमेरिकेतील आयझॅक बॅबिट यांनी १८३९ साली याहूनही मऊ मिश्रधातूचे अस्तर वापरायची कल्पना पेटंट केली. त्यांच्या मिश्रधातूत सुमारे ८९ टक्के कथील आणि बाकी अँटिमनी व तांबे होते. कारखान्यांत त्याला व्हाइट मेटल म्हणतात. हे अस्तर कवचाला धरून राहावे म्हणून आधी कवच तापवून त्यावर कथिलाचा पातळ थर देतात. आपला कल्हईवाला नवसागर टाकून तांब्याच्या पातेल्याला जे करतो तेच हे. नवसागर धातूवरचा गंज साफ करतो आणि कथील तांब्याशी संयुग करून घट्ट बसते. क्रँकशाफ्टच्या वेगवान बेअरिंगला हा धातू उत्तम. रॉकरच्या जागी मात्र तेल अपुरे आणि भार तेवढ्याच जागेवर वारंवार ठोकणारा, तेथे तो चेपतो. म्हणून तेथे कांस्य. सर्व ठिकाणी चालेल असा एक आदर्श धातू नाही. मऊपणा हवा आणि ताकदही हवी, या परस्परविरोधी मागण्यांत प्रत्येक ठिकाणी वेगळी तडजोड करावी लागते.

काही इंजिनांत बुश नसतोच. बिडाचा रॉकर सरळ कठीण केलेल्या दांड्यावर चालतो, कारण बिडात ग्राफाइटच्या पापुद्र्या असतात आणि त्याच वंगणाचे काम करतात. काही ठिकाणी बारीक दंडगोलांचे बेअरिंग घालून घसरण्याऐवजी गडगडण्याची सोय करतात. ते महाग पडते, पण घर्षण बरेच कमी होते.

पूर्वी रॉकरला तेल पोचवणे हेच अवघड होते. लिंडबर्ग यांनी २० आणि २१ मे १९२७ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत साडेतेहतीस तास एकट्याने विमान चालवले. त्यांच्या विमानाच्या नऊ सिलिंडरांच्या राइट इंजिनावरचे रॉकर एरवी जमिनीवर हाताने ग्रीस भरून चालवावे लागत. अटलांटिकवर ग्रीस कोण भरणार? म्हणून त्या उड्डाणासाठी रॉकरना ग्रीस मिळत राहील अशी खास सोय केलेली होती. एका ऐतिहासिक उड्डाणाचे भवितव्य एका बुशच्या वंगणावरही अवलंबून होते.

शिशाचा निरोप

शिसे बेअरिंगसाठी जितके गुणी तितकेच शरीरासाठी घातक. ते शरीरात साठत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. बुश झिजतो तेव्हा शिसे तेलात जाते, गाडी मोडीत निघते तेव्हा मातीत. युरोपीय संघाने २००० साली मोडीतल्या वाहनांबाबत निर्देश काढून वाहनांतील शिशावर बंधने घातली. इंजिनातल्या बेअरिंग व बुशना पर्याय सापडत नव्हता म्हणून त्यांना १ जुलै २०११ पर्यंत सवलत दिली गेली. या बंधनांमुळे जगभरच्या कारखान्यांना नवे मिश्रधातू शोधावे लागले.

पर्याय कुठे सापडला? आवर्तसारणीत शिशाच्या शेजारच्याच घरात! शिशाचा अणुअंक ८२, बिस्मथचा ८३. बिस्मथही मऊ, तेही घन तांब्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि २७१ अंश सेल्सिअसला वितळते. शिसे ३२७ अंशांना वितळते. मात्र बिस्मथ शिशाइतके विषारी नाही. आज अनेक शिसेविरहित बुशांमध्ये ते वापरतात. काही ठिकाणी ब्राँझच्या सच्छिद्र थरात प्लास्टिकचे वंगणकारी पदार्थ भरतात. जुन्या इंजिनांत मात्र शिशाचे बुश अजून आहेत. शाळेत किंवा आयटीआयमध्ये असा बुश कापला वा रीमरने मोठा केला, तर कीस ओल्या फडक्याने पुसावा, फुंकर मारून उडवू नये आणि हात साबणाने धुतल्याशिवाय डबा उघडू नये.

वर्गात करून पाहा

पहिला प्रयोग टेकूवरील बलाचा. मीटरपट्टी मध्यावर ताणकाट्याला टांगा. मध्यापासून ३० सेंटीमीटरवर २०० ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूला २० सेंटीमीटरवर ३०० ग्रॅम वजन अडकवा. पट्टी आडवी राहील. ताणकाटा ५०० ग्रॅम अधिक पट्टीचे वजन दाखवील. आधी मुलांना अंदाज लिहायला सांगा.

दुसरा प्रयोग तेलाच्या पाचरीचा. गुळगुळीत फरशीवर पाण्याचा थर द्या आणि त्यावर कंपासपेटीचे सपाट प्लास्टिकचे झाकण ठेवा. बोटाने अगदी सावकाश ढकला, ते अडखळेल. झटक्याने ढकला, ते लांबवर तरंगत जाईल. टॉवर यांचा शोध येथे घरबसल्या दिसतो.

तिसऱ्यासाठी पंखे दुरुस्त करणाऱ्याकडून टेबलफॅनचा जुना बुश मागून आणा. तो धातूची भुकटी दाबून, भाजून केलेला असतो आणि त्याच्या छिद्रांत तेल भरलेले असते. बुश फडक्याने कोरडा पुसून खूप गरम पाण्यात टाका. थोड्या वेळाने पृष्ठभागावर तेलाचे थेंब फुटलेले दिसतील. तेल धातूच्या दहापटीहून जास्त प्रसरण पावते, म्हणून ते बाहेर येते. पंखा चालून बुश तापला की असेच होते, आणि थंड झाल्यावर केशाकर्षणाने तेल पुन्हा आत ओढले जाते. बुश धातूचाही आहे आणि तेलाची डबीही.

आता त्या शिक्षिकेच्या प्रश्नाकडे परत येऊ. पोलादाचाच बुश घातला तर दोन्ही झिजणार नाहीत ना? जेथे दोन भाग एकमेकांवर घासतात आणि तेल अपुरे असते, तेथे झीज पूर्ण टाळता येत नाही. कोणी झिजायचे एवढेच ठरवता येते. दांडा आणि रॉकर महाग, बनवायला अवघड. बुश स्वस्त, दाबून काढता येतो, दाबून बसवता येतो. म्हणून झिजण्याचे काम त्याच्याकडे दिले आहे.

तो खाल्ला गेलेला बुश आम्ही टाकला नाही. आमच्या टेबलाच्या खणात तो आहे. नवा विद्यार्थी आला की आम्ही तो त्याच्या हातात देतो आणि विचारतो, "भार कोणत्या बाजूने आला होता ते सांगा, आणि तेलाचे भोक कुठे असायला हवे होते ते दाखवा." आपल्या गावातल्या गॅरेजमध्ये असे बुश भंगारात पडलेले असतात. एक मागून आणावा आणि वर्गाला हेच दोन प्रश्न विचारावेत.